मंदीत घर किती महिने टिकेल: इंदूरच्या नव्या संसारांसाठी

पिथमपूरच्या कारखान्यात ओव्हरटाइम बंद होतो, सांवेर रोडवरचं युनिट आठवड्यातून चारच दिवस चालतं, कापड बाजारात उधारी फिरेनाशी होते. मंदी वर्तमानपत्रात छापून यायच्या आधीच अशी घरात शिरलेली असते. हा लेख अशांसाठी आहे ज्यांनी घराचा हिशेब आजवर कधी मांडला नाही: नुकतं लग्न झालेले, आईवडिलांपासून वेगळं बिऱ्हाड केलेले, किंवा बुऱ्हाणपूर, जळगावकडून नोकरीसाठी इंदुरात आलेले.

चांगल्या दिवसांत आपण विचारतो, महिन्याअखेर किती उरतं? मंदीत हा प्रश्न उपयोगाचा नाही. तेव्हा विचारायचं असतं की आजपासून पगार थांबला तर घर किती महिने चालेल. मी कापड बाजारातल्या पेढीवर बरीच वर्षं वह्या लिहिल्या. तिथले जुने शेठ नफ्याच्या आधी रोकड विचारायचे. घरालाही तेच लागू. या महिन्यांच्या आकड्याला मी ‘टिकाव’ म्हणतो, आणि पुढची प्रत्येक पायरी त्यानंच मोजतो.

पहिली पायरी: आधी वही, मग कात्री

पहिल्या महिन्यात काहीही कापू नका, फक्त लिहा. साधी रेघांची वही पुरते. जो खर्च करेल त्यानं त्याच दिवशी लिहायचं. मागच्या तीन महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट आणि मोबाइलवरच्या यूपीआयची यादी काढा; वीस-तीस-पन्नासच्या ओळींची बेरीज तुम्हीच करा, दुसऱ्यानं सांगून पटत नाही.

नवखे लोक हमखास विसरतात ते वर्षातून एकदा येणारे खर्च. विम्याचा हप्ता, शाळेची फी आणि पुस्तकं, गाडीचा विमा, एप्रिल-मेमधला गहू, गणपती, दिवाळी, भाऊबीज, गावचं एखादं लग्न. यांची वर्षाची बेरीज करून बाराने भागा आणि तो आकडा दर महिन्याच्या खर्चात धरा. हे केलं नाही तर दहा महिने बजेट सुरळीत चालतं आणि जूनमध्ये शाळा उघडली की कोलमडतं.

एक पथ्य: पहिल्या महिन्यात ‘हे कशाला घेतलंस?’ असं कुणी कुणाला विचारायचं नाही. विचारलंत की लोक लिहिणं थांबवतात.

दुसरी पायरी: टिकाव काढा

उदाहरणासाठी लोकमान्य नगरच्या बाजूला भाड्यानं राहणारं एक घर घेऊ. नवरा-बायको, दोन मुलं, आजी. पगार ओव्हरटाइमसह ३८,००० आणि बायकोच्या शिकवण्यांचे ६,०००, मिळून ४४,००० रुपये. खर्च असा: भाडं ९,०००, किराणा-दूध-भाजी ११,५००, शाळा ४,५००, पेट्रोल ३,०००, लाइट-गॅस-मोबाइल ३,२००, आजींची औषधं २,०००, गाडीचा हप्ता ३,२००, विमा १,८००, पोस्टातली आरडी १,५००, आणि बाहेर खाणं, कपडे, आहेर वगैरे ४,०००. बेरीज ४३,७००. म्हणजे चांगल्या काळातही हे घर काठावरच होतं.

आता ओव्हरटाइम बंद. पगार २९,०००, दोन-तीन मुलं शिकवणी सोडून गेली म्हणून तिकडून ४,०००. आवक ३३,०००. काहीच बदललं नाही तर दरमहा १०,७०० ची तूट. बँकेत १,२०,००० असतील तर अकरा महिन्यांत खातं रिकामं. आणि नोकरीच गेली तर फक्त शिकवणीचे ४,००० येणार, तूट ३९,७००, टिकाव जेमतेम तीन महिने.

हे दोन आकडे वेगवेगळे लिहा: आजच्या तुटीवर किती महिने, आणि मुख्य कमाई थांबली तर किती महिने. निर्णय दुसऱ्या आकड्यावर घ्यायचे. पहिला आकडा दिलासा देतो, म्हणूनच त्याच्यावर फार विसंबू नये.

या हिशेबात ‘हातातला पैसा’ कशाला म्हणायचं याबद्दल मी कडक आहे. बचत खातं आणि मोडता येणारी एफडी, एवढंच. पीपीएफ नाही, गावचा प्लॉट नाही, मेहुण्याला दिलेले उसने नाहीत, कंपनीकडे अडकलेला बोनस तर मुळीच नाही. इंदूरकरांना हे समजावायला लांब जावं लागत नाही. हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांची देणी कोर्टात अडकली. जवळपास २२४ कोटी रुपये वाटायला सुरुवात झाली ती डिसेंबर २०२३ मध्ये. तोवर कित्येक कामगार हयातही नव्हते. पैसा हक्काचा होता, आकडाही कागदावर होता, पण त्यावर तीन दशकं कुणाची चूल पेटली नाही. येणं कितीही पक्कं असो, खात्यात पडेपर्यंत ते वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा.

आणखी एक तपासा. ठेव कुठे आहे? बँकेत, अगदी सहकारी बँकेतही, एका ठेवीदाराच्या एका बँकेतल्या ठेवींना व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. आपल्या लोकांत ओळखीच्या माणसाच्या पतसंस्थेत अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याजासाठी सगळी पुंजी ठेवायची सवय आहे. मंदीत पहिल्या अडचणीत येतात त्या अशाच संस्था, कारण त्यांचे कर्जदारही तुमच्याआमच्यासारखेच असतात. टिकावाचा पैसा तरी बँकेत आणा.

तिसरी पायरी: न भरल्यास काय होईल, या क्रमानं खर्च लावा

‘गरज’ आणि ‘चैन’ अशी वाटणी करायला बसलात की भांडण ठरलेलं. एकाची चैन ती दुसऱ्याची गरज असते. त्यापेक्षा प्रत्येक ओळीपुढे लिहा, हे दोन महिने भरलं नाही तर काय होईल?

जेवण, औषध, भाडं, लाइट आणि कामावर जायचं पेट्रोल थांबलं तर घर किंवा नोकरीच थांबते. हे सगळ्यात वर. कर्जाचा हप्ता, विमा, शाळेची फी चुकली तर दंड बसतो किंवा एखादं संरक्षण जातं, हे दुसरे. त्याखाली जे पुढे ढकलता येतं ते: सोफा, रंगकाम, नवा फोन, गोव्याची सहल. तळाशी जे बंद केलं तरी कुणी विचारणार नाही ते: न पाहिलेलं ओटीटी, न गेलेली जिम, दोन-दोन वायफाय.

बचतीच्या योजना पूर्ण मोडू नका, पण जिवंत राहतील एवढंच भरा. पीपीएफ चालू ठेवायला वर्षाला ५०० रुपये पुरतात, सुकन्या समृद्धीला २५०. आपल्या उदाहरणातल्या घरानं आरडी तूर्त थांबवायला हरकत नाही. तुटीत चालणाऱ्या घरानं बचत करणं म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालणं.

या घरानं किराणा ९,५०० वर आणला, पेट्रोल २,००० वर, बिलं २,६०० वर, आजींची औषधं जन औषधी केंद्रातून घेऊन १,४०० वर, बाहेरचा खर्च १,००० वर. भाडं, शाळा, हप्ता, विमा तेच. एकूण ३५,०००. नोकरी गेल्यावरची तूट ३१,०००, आणि टिकाव? चार महिन्यांना थोडा कमी.

एवढी ओढाताण करून तीनाचे जेमतेम चार. यात निराश होण्यासारखं काही नाही, पण काटकसरीची खरी ताकद इथे कळते. रविवारचे पोहे-जलेबी बंद करून महिन्याला ५०० वाचवलेत तर या घराचा टिकाव दोन दिवसांनी वाढतो. दोन दिवसांसाठी इंदुरात राहून रविवारचे पोहे सोडावेत असं मी कुणाला सांगणार नाही. घरी करा, शेव-जिरावण मोकळ्या हातानं टाका, पण सोडू नका. टिकाव हलतो तो मोठ्या ओळींनी: भाडं, शाळा, हप्ते, आणि सगळ्यात जास्त दुसऱ्या कमाईनं. त्याकडे येतोच.

चौथी पायरी: स्वयंपाकघर

मंदीत वस्तू स्वस्त होतात असं पुस्तकात असतं. १९२९ नंतरच्या महामंदीत शेतमालाचे भाव खरंच कोसळले होते. पण २०२० मध्ये आपल्याकडे अर्थव्यवस्था आकसली आणि तरीही त्या वर्षातले बरेच महिने महागाई ६ टक्क्यांच्या वर राहिली. त्यामुळे ‘भाव उतरतील, मग घेऊ’ या भरवशावर स्वयंपाकघर चालवू नका.

इंदुरात खरेदी कुठून करता यावर बराच फरक पडतो. भाजी रोज दारावर घेण्यापेक्षा आठवड्यातून एकदा मालवा मिल किंवा राजकुमार मंडीत जा. कांदे-बटाटे-लसूण चोइथराम मंडीतून, पण एकट्यानं नको. तिथला माल ठोकात घ्यावा लागतो, म्हणून वाड्यातल्या किंवा बिल्डिंगमधल्या तीन-चार घरांनी मिळून एक पोतं आणावं आणि वाटून घ्यावं. लसूण माळव्याचाच, हंगामात घेऊन टांगून ठेवला की महिने टिकतो. मसाले, चहा, सुका मेवा सियागंजात. धान्य छावणीच्या मंडीत. मात्र रिक्षाला १५० रुपये घालून सियागंजातून १०० रुपये वाचवणारेही मी पाहिलेत, तेव्हा जाण्याचा खर्च धरूनच भाव काढा.

आता गहू. माळव्यात वर्षाचा गहू एप्रिल-मेमध्ये भरायची पद्धत आहे आणि नव्या सुनेला सासूबाई पहिल्यांदा हेच विचारतात. पाच जणांच्या घराला महिन्याला साधारण २५ ते ३० किलो लागतो, म्हणजे वर्षाला तीन-साडेतीन क्विंटल. पीक निघाल्यावर भाव सहसा बरा असतो, माल पारखून घेता येतो. पण ही रक्कम एकदम जाते. माझा हिशेब असा: टिकाव सहा महिन्यांच्या वर असेल तर वर्षाचा भरा, कारण ती रोकड जेवणातच बदलतेय, वाया जात नाही. टिकाव तीन-चार महिनेच असेल तर तीन महिन्यांचा घ्या आणि बाकी रोकड हातात ठेवा. शरबतीचा हट्ट यंदा सोडला तरी चालेल, लोकवनच्या पोळ्याही मऊ होतात.

साठवताना एक इशारा. किडीसाठी पोत्यात सल्फासच्या गोळ्या ठेवू नका. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. कडक ऊन, कोरडी टाकी आणि एरंडेलाचा हलका हात, ही जुनी रीत पुरेशी आहे.

तेलाचं गणित वेगळं. सोयाबीन आपल्या माळव्यात पिकतं म्हणून तेल स्वस्त राहील असं नाही. देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. तिकडचा भाव किंवा इकडची आयात-ड्यूटी हलली की डबा हलतो. म्हणून भाव पडल्यासारखा वाटला तरी पंधरा किलोचे दोन-दोन डबे भरू नका. वाचवायचं असेल तर तळण कमी करा. शेव ही इंदूरकराची भाजी आहे हे मला ठाऊक आहे, पण चार दिवस वरणावरही शेव पडते, त्याचा पुडा महिन्याला किती होतो ते वहीत बघा.

रेशनकार्ड असेल तर लाजू नका. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या पात्र घरांना माणशी ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. बाहेरून आलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं: मध्य प्रदेशात रेशन असो, शाळेचं काम असो की कुठली योजना, ‘समग्र आयडी’ विचारतात. घराचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी. महाराष्ट्रातून आलेल्या घरांकडे तो नसतो आणि अडचण आल्यावर धावपळ होते. आजच वॉर्डाच्या झोन ऑफिसात चौकशी करून काढून घ्या.

पाचवी पायरी: बिलं

लाइटच्या बिलात इथे एक ठळक रेषा आहे. अटल गृह ज्योती योजनेत घरगुती वापर महिन्याला १५० युनिटांच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये लागतात, वरच्यांना नेहमीचा दर. १५० ओलांडले की त्या महिन्याची सवलत जाते. म्हणजे १४९ आणि १५२ मधला फरक तीन युनिटांचा असला तरी पैशांत तो काही शेकड्यांचा होतो. रीडिंग झाल्यापासून विसाव्या दिवशी मीटर बघा. वापर शंभर युनिटांच्या पुढे गेला असेल तर उरलेले दहा दिवस गीझर आणि इस्त्रीवर हात आवरा. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं.

स्वतःचं घर असेल आणि मालमत्ता कर किंवा नर्मदेच्या पाण्याचं बिल थकलं असेल, तर नॅशनल लोक अदालतीच्या दिवशी नगर निगम अधिभारात सूट देतं. तारीख आधी जाहीर होते. तोवर ती रक्कम बाजूला काढत राहा.

मोबाइलबद्दल एकच: घरात वायफाय असताना चारही फोनना रोज दोन जीबीचं रिचार्ज लागत नाही.

सहावी पायरी: कर्ज

मंदी आली की घरातलं वडीलधारं माणूस पहिल्यांदा म्हणतं, ‘आधी कर्ज फेडून टाका, मोकळे व्हा.’ चांगल्या काळात हा सल्ला सोन्यासारखा. मंदीत तो टिकावावर तोलून बघावा लागतो. आपल्या उदाहरणात गाडीचे २२,००० बाकी आहेत, हप्ता ३,२००. आत्ता फेडले तर शिल्लक ९८,००० आणि नोकरी गेल्यावरची तूट २७,८००. टिकाव साडेतीन महिने. न फेडता तो चारच्या जवळ होता! म्हणजे कर्ज फेडून घर अशक्त झालं. ढोबळ नियम असा: उरलेल्या हप्त्यांची संख्या तुमच्या टिकावाच्या महिन्यांपेक्षा जास्त असेल तर आत्ता एकरकमी फेडू नका, हप्ते वेळेवर देत राहा. कमी असेल तर खुशाल फेडा.

याला अपवाद क्रेडिट कार्डाचा. तिथे महिन्याला साधारण ३ ते पावणेचार टक्के व्याज लागतं, वर्षाला ते ४० च्या आसपास जातं. ‘मिनिमम ड्यू’ भरून समाधान मानू नका. एफडी मोडावी लागली तरी चालेल, पण कार्ड शून्यावर आणा आणि कपाटात ठेवा.

हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकायच्या आधी बँकेत जा. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा, होतं आणि मग मॅनेजरच्या हातातही फारसं राहत नाही. आधी गेलात तर मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिने फक्त व्याज भरणं, यांवर बोलता येतं. सोबत पगारकपातीचं पत्र आणि तुमची वही न्या. वही दाखवणाऱ्या कर्जदाराशी माणसं वेगळ्या सुरात बोलतात. पण हप्ता पुढे ढकलणं फुकट नसतं. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची मुभा दिली तेव्हा अनेकांना ती माफी वाटली. २० लाखांचं गृहकर्ज ९ टक्क्यांनी असेल तर महिन्याचं व्याजच १५,०००. सहा महिन्यांत ९० हजार मुद्दलात जाऊन बसतात. टिकाव संपत आला असेल तरच हा मार्ग घ्या.

पैसा उभा करायचाच झाला तर क्रम असा ठेवा. एफडी मोडण्याआधी तिच्यावरच कर्ज मिळतं का विचारा. एफडीच्या व्याजाहून एक-दोन टक्के जास्त, बस्स. पीपीएफ खात्याला तिसरं ते सहावं वर्ष चालू असेल तर त्यावर कर्ज मिळतं. मग सोनं. फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणारी अनोळखी ॲप या यादीत नाहीतच. ती तुमच्या फोनमधले नंबर उचलतात आणि वसुली तुमच्या सासरच्या माणसांकडून सुरू करतात.

सोन्याबद्दल थोडं थांबून बोलावं लागेल, कारण इथे भावना मध्ये येते. गहाण ठेवताना मनात असतं की परत सोडवू. सोडवायला पैसा कुठून येणार हे आज सांगता येत असेल, म्हणजे अमुक महिन्यात एफडी पिकतेय किंवा नवी नोकरी पक्की झालीय, तर बँकेतच गहाण ठेवा, ओळखीच्या सराफाकडे चिठ्ठीवर नको. सांगता येत नसेल तर दर महिन्याला व्याज भरून शेवटी लिलावात घालवण्यापेक्षा एखादा दागिना सरळ विकलेला बरा. १९३१ नंतरच्या महामंदीच्या वर्षांत हिंदुस्थानातून सोन्याचा प्रचंड ओघ परदेशी गेला, त्यात खेड्यापाड्यांतल्या घरांनी अडचणीपोटी काढलेलं सोनं फार होतं. आजीनं पाटल्या केल्या त्या अशाच दिवसांसाठी. विकताना सराफ्यात तीन दुकानं फिरा, घट किती धरतात ते विचारा, हॉलमार्क आणि मूळ पावती सोबत ठेवा. मंगळसूत्र सगळ्यात शेवटी, हे मी सांगायची गरज नाही.

सातवी पायरी: विमा आणि दवाखाना

तंगीत पहिली कात्री आरोग्यविम्यावर चालते, कारण त्याचा उपयोग दिसत नाही. हे करू नका. एका ऑपरेशननं चार महिन्यांचा टिकाव एका आठवड्यात जातो. कंपनीचा गट विमा असेल तर तो नोकरीबरोबर संपतो. नोकरी हातात असतानाच घराची स्वतंत्र पॉलिसी घेऊन ठेवा. जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो, तो जितका लवकर सुरू होईल तितकं बरं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा आहे.

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड निघतं आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. हे आजारपण येण्याआधी काढा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून २ लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा मिळतो. या दोन ओळी कधीच खोडू नका. बचतीच्या विम्याचा मोठा हप्ता झेपत नसेल तर पॉलिसी बंद पाडण्याऐवजी ‘पेड-अप’, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू, करता येते का ते शाखेत विचारा. एजंट हा पर्याय आपणहून सांगत नाही.

आठवी पायरी: दुसरी कमाई

त्याच घरात महिन्याला ६,००० जास्तीचे आले तर नोकरी गेल्यावरची तूट २५,००० वर येते आणि टिकाव पावणेपाच महिन्यांवर जातो. सगळ्या काटकसरीनं मिळून जितका वाढला, जवळपास तितकाच हा एकटा वाढवतो.

भंवरकुआच्या बाजूला स्पर्धा परीक्षांची हजारो मुलं राहतात. त्यांना डबा लागतो आणि घरच्या पोळीची किंमत त्यांना कळते. आपल्या बायकांना पोळीभाजी, पुरणपोळी, दिवाळीचा फराळ ही कामं शिकावी लागत नाहीत. शिकावं लागतं ते भाव काढणं. साहित्य, गॅस, डबा पोचवायचं पेट्रोल आणि स्वतःच्या वेळेची मजुरी, चारही धरा. ‘ओळखीचे आहेत, काय मागायचं’ म्हणून तोट्यात डबे देणारी घरं मी पाहिली आहेत. अन्नाचा धंदा लहान असला तरी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी करून घ्या. आणि सुरुवातीला नवी भांडी, नवा फ्रीज घेऊ नका; पहिले दोन महिने घरातल्याच भांड्यांवर चालवा.

नवव्या पायरीला नाव नाही, ती घरात बोलायची आहे

महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी बसायचं, आजींनीही. वही उघडायची, नवा टिकाव काढून पानाच्या माथ्यावर लिहायचा. मुलांना रक्कम सांगायची की नाही हा तुमचा प्रश्न, पण ‘यंदा सायकल नाही, पुढच्या वर्षी बघू’ हे त्यांना आधी सांगितलेलं बरं. वरच्या वर्गाची पुस्तकं खजुरी बाजारात जुनी मिळतात, हे मुलांना कमीपणाचं वाटत नाही, मोठ्यांनाच वाटतं. शाळेच्या फीबद्दल प्राचार्यांना वेळेआधी भेटून हप्ते मागा.

नातेवाइकांचं काय? आहेराची रक्कम कमी करा, जाणं कमी करू नका. ‘सानंद’चं नाटकाचं सभासदत्व असेल आणि वर्षाचे पैसे भरून झाले असतील तर एकही प्रयोग चुकवू नका, तो आधीच दिलेला पैसा आहे. नव्या भिशीत मात्र शिरू नका. चालू भिशी मध्येच सोडू नका, शेजारधर्म तुटतो. आणि काहीही झालं तरी भिशी चालवायची जबाबदारी अंगावर घेऊ नका. मंदीत एखादी सभासद थकली की तिचा हप्ता चालवणारीलाच भरावा लागतो.

टिकाव दोन महिन्यांच्या खाली आला तर तो धोक्याचा टप्पा. तेव्हा वाट बघत बसू नका: घरमालकाशी भाड्याबद्दल बोला, स्वस्त घर बघा, गाडी विकून हप्ता संपतो का ते पाहा, गरज पडली तर काही महिने सासरी किंवा माहेरी एकत्र राहा. हे निर्णय दोन महिने हातात असताना घेतले तर सामान आवरायला वेळ मिळतो.

पगार पूर्वीसारखा झाला तरी पहिले तीन महिने खर्च ३५,००० वरच ठेवा. वरचा सगळा पैसा आधी मोडलेली एफडी भरून काढायला, मग थांबवलेली आरडी सुरू करायला. टिकाव सहा महिन्यांवर पोचला की मुलांची सायकल घ्या.